पद्मिनीचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर सारखा दगा देतोय? मॉड्यूल बदलण्याआधी हे तपासा

प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट 1100 सांभाळणाऱ्या बहुतेकांनी एव्हाना डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारा यांत्रिक स्विच, काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलंय, आणि ते योग्यच आहे. त्यात पॉइंटचं काम मॉड्यूल नावाचं सर्किट करतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर त्यांच्या जिवावर सुट्या भागांचा बाजार चालत होता. आता चांगला पॉइंट शोधावा लागतो. मिळाला तरी त्याची फायबरची टाच लवकर झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं. पॉइंटवरची ठिणगी शमवणाऱ्या कंडेन्सरबद्दल तर बोलायलाच नको.

तक्रार येते ती किट बसवल्यानंतर काही महिन्यांनी. गाडी गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. मालक दुसरं मॉड्यूल आणतो. ते काही दिवस चालतं, मग पुन्हा तेच. माझ्याकडे अशा कितीतरी गाड्या आल्या आणि त्यातल्या बहुतेकींचं मॉड्यूल शाबूत होतं. खराब होती ती त्याच्यापर्यंत पोचणारी वीज, अर्थिंग, चुकीची कॉइल (बॅटरीचे 12 व्होल्ट ठिणगीपुरते वाढवणारी) किंवा डिस्ट्रिब्युटरचा झिजलेला शाफ्ट. इलेक्ट्रॉनिक किटने फक्त पॉइंटची जागा घेतलेली असते. बाकी वायरिंग, इग्निशन स्विच, शाफ्टचे बुश आणि स्प्रिंग तीसचाळीस वर्षांपूर्वीचीच असतात. पॉइंट हा साधा स्विच होता. दोन व्होल्ट कमी मिळाले तरी तो रडतखडत काम करायचा. मॉड्यूलला ते चालत नाही.

बाजारात साधारण दोन प्रकार आहेत. एकात जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या आतली पॉइंटची प्लेट काढून तिथे सेन्सर आणि शाफ्टवर चार चुंबकांची रिंग बसवतात. दुसऱ्यात अख्खा नवा डिस्ट्रिब्युटर येतो आणि मॉड्यूल त्याच्या आत किंवा बाजूला असतं. खालच्या तपासण्या दोन्हींना लागू आहेत. जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे. अँबेसेडर किंवा जुन्या जीपवाल्यांनाही बहुतेक मजकूर कामी येईल, फक्त फायरिंग ऑर्डर आणि टायमिंगचे आकडे आपापल्या गाडीचे घ्यावेत.

लक्षणं

- सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही.
- सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि चावी सोडली की लगेच बंद होतं.
- थंड असताना उत्तम, अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवली की खाडकन बंद. थंड झाली की पुन्हा सुरू.
- रात्री हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम लावल्यावर मिसिंग.
- चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये एक्सलेटर दाबला की झटके, सपाटीला काही नाही.
- फक्त पावसाळ्यात किंवा सकाळच्या दमट हवेत सुरू व्हायला त्रास.
- सायलेन्सरमधून फटाके, किंवा कार्बोरेटरमधून उलटा भडका.
- टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर) बसवला असेल तर त्याचा काटा उड्या मारतो.

तुमचं लक्षण नेमकं कोणतं ते आधी कागदावर लिहून ठेवा, सोबत गाडी किती वेळ चालली होती, दिवे चालू होते का, पाऊस होता का, हेही. यात काही खर्च नाही आणि अर्धं काम इथेच होतं.

इग्निशन की पेट्रोल?

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या प्रत्येक गाडीचा दोष डिस्ट्रिब्युटरवर ढकलू नका. पद्मिनीचा मेकॅनिकल पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो. मे महिन्यात सिग्नलला उभं राहिलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन पंप रिकामा फिरतो, आणि वरवर लक्षण तेच दिसतं.

फरक कानाने ओळखता येतो. इग्निशन गेलं तर दिवा मालवावा तसं इंजिन एका क्षणात बंद होतं. पेट्रोल गेलं तर आधी ताकद कमी होते, दोनचार आचके बसतात, मग बंद. टॅकोमीटर असेल तर आणखी सोपं: गाडी अजून गिअरमध्ये धावतेय, इंजिन चाकांबरोबर फिरतंय, तरी काटा एकदम शून्यावर पडला, तर ठिणगीचा सिग्नल गेलाय. काटा हळूहळू उतरला तर पेट्रोलकडे बघा.

खात्री हवी असेल तर गाडी बंद पडल्या पडल्याच ठिणगी तपासायची, थंड होऊ द्यायची नाही. त्यासाठी स्पार्क टेस्टर गाडीत ठेवा, तो स्वस्त मिळतो. पूर्वीसारखी प्लगची वायर ओढून इंजिनला टेकवत ठिणगी बघायची सवय मात्र सोडा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये कॉइलच्या ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर 30 हजार व्होल्टच्या वर ताण चढू शकतो. तो आतल्या आत रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता हात), कॅप (त्याचं झाकण) किंवा मॉड्यूल फोडून बाहेर पडतो. हाताला बसलेला झटकाही पॉइंटच्या काळातल्या झटक्यासारखा नसतो. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी चालू इंजिनच्या इग्निशनजवळ कामच करू नये.

1. डोळ्यांनी बघण्यासारखं, फुकटातलं

बॅटरीची टर्मिनल हाताने हलवून बघा. हलली तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. आधी घासा, आवळा, मग बघू.

कॅप उघडा आणि उजेडात धरा. आत दोन खांबांच्या मध्ये पेन्सिलने ओढावी तशी बारीक काळी रेघ दिसली, तर ती कार्बनची वाट आहे. ठिणगी प्लगकडे जाण्याऐवजी तिथूनच पळते. अशी कॅप घासून उपयोग नाही, बदलायची. मधला कार्बन ब्रश बोटाने दाबला तर आत जाऊन परत वर यायला हवा. मग रोटर उलटा करा. पितळी पट्टीच्या बरोबर खाली, शाफ्टवर बसतो त्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका असेल तर रोटरला भोक पडलंय आणि ठिणगी थेट शाफ्टमध्ये उतरतेय. हा ठिपका इतका लहान असतो की भिंगाशिवाय चुकतो, आणि हाच रोटर थंड असताना चालतो, गरम झाला की दगा देतो. नव्या डिस्ट्रिब्युटरबरोबर आलेली कॅप आणि रोटर जोडीनेच वापरा. कॅप एका मापाची आणि रोटर दुसऱ्या, असं झालं तर मधलं अंतर वाढतं आणि ठिणगी अशक्त होते.

पावसाळ्यात कॅपच्या आत दव जमतं. कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि कॅपच्या खालचं रबर नीट बसलंय ना ते बघा. इंजिनवर प्रेशरचं पाणी मारून धुणं या गाड्यांना सोसत नाही.

प्लगच्या वायरींचा क्रम 1-3-4-2 आहे ना, ते रोटर फिरतो त्या दिशेने मोजून घ्या. काम केल्यावर दोन वायरी अदलाबदल होणं ही फटाक्यांमागची सगळ्यात सामान्य गोष्ट आहे.

आता एक खास आपल्याकडची जागा. या गाड्यांना चोरीच्या भीतीने कोणीतरी कधीतरी डॅशबोर्डखाली किंवा सीटखाली गुप्त स्विच बसवलेला असतो, आणि तो थेट इग्निशनच्या वायरमध्ये असतो. सध्याच्या मालकाला तो माहीतही नसतो. वीस वर्षांत त्याचे आतले संपर्क काळे पडतात. कॉइलला जाणारी वायर मागे मागे धरत न्या. मध्ये असा स्विच सापडला तर तो काढून वायर सरळ जोडा.

2. कॉइलपर्यंत वीज पोचते का?

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त गाड्या इथेच बऱ्या होतात.

लोक चावी चालू करून कॉइलच्या पॉझिटिव्हला मल्टिमीटर लावतात, 12 व्होल्ट दिसतात, आणि 'सप्लाय ओके' म्हणून पुढे जातात. हे माप फसवं असू शकतं. कॉइलमधून करंट वाहत नसेल तर गंजलेल्या वायरच्या टोकालाही पूर्ण 12 व्होल्टच दिसतात. माप घ्यायचं ते इंजिन चालू असताना, आणि तेही असं: मीटरचा लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळा कॉइलच्या पॉझिटिव्हवर. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत वाया जातायत. 0.5 च्या आत असेल तर उत्तम. 1 च्या वर गेलं तर दोष सापडला म्हणून समजा. आता हेडलाइट आणि पंखा लावून पुन्हा मोजा, कारण रात्री होणारी मिसिंग इथेच पकडली जाते. (मॉड्यूलला वेगळ्या लाल वायरने वीज दिली असेल तर तिच्या टोकालाही हेच माप घ्या. कॉइलचा करंट कमी ठेवणारा बॅलास्ट रेझिस्टर लावलेल्या गाडीत कॉइलवर जास्त घट दिसणारच. तिथे रेझिस्टरच्या आधीच्या टोकाला मोजा.)

घट होते कुठे? इग्निशन स्विचच्या पाठीमागच्या टोकांवर, फ्यूज बॉक्सच्या पट्ट्यांवर, आणि जिथे कुणी वायर नुसती पिळून काळी टेप गुंडाळली आहे तिथे. एका पद्मिनीत मी स्विचमागचं टोक काढलं तर पितळ हिरवं पडलेलं होतं, वायरच्या तारांपैकी मोजून तीन धागे जोडलेले होते आणि बाकीचे टोकाशी तुटून प्लास्टिकच्या आत अडकलेले. चावी हलवली की इंजिन भरकटायचं. त्या गाडीला आधी दोन मॉड्यूल बदलून झाली होती.

खात्रीसाठी एक तपासणी आहे. 10 अँपिअरचा फ्यूज असलेली वायर घ्या आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट कॉइलच्या पॉझिटिव्हला जोडा. बॅलास्ट रेझिस्टरवर चालणाऱ्या कॉइलला ही वायर कॉइलवर लावू नका, रेझिस्टरच्या आधीच्या टोकाला लावा. गाडी चालवून बघा. त्रास गेला तर डिस्ट्रिब्युटर निर्दोष आहे, वायरिंग किंवा स्विच दोषी. लक्षात ठेवा, ही वायर जोडलेली असताना चावी बंद करून इंजिन थांबणार नाही, वायर काढावी लागेल. ही फक्त तपासणी आहे, गाडी अशी वापरायची नाही.

कायमचा उपाय रिले. बॅटरीवरून 15 अँपिअरच्या फ्यूजमार्गे जाड वायर रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकाला, 87 वरून कॉइल आणि मॉड्यूलला, 85 अर्थला, आणि इग्निशन स्विचची जुनी वायर 86 ला. म्हातारा झालेला इग्निशन स्विच मग फक्त रिलेला इशारा देतो, करंट वाहत नाही. माझ्या मते इलेक्ट्रॉनिक किट बसवणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीला हा रिले किटबरोबरच बसवायला हवा.

'चावी सोडली की बंद' हे लक्षण असेल तर विचार वेगळा करा. सेल्फ मारताना कॉइलला एका वायरने वीज मिळते आणि चावी परत आल्यावर दुसऱ्या. ही दुसरी वाट तुटलेली आहे. मध्ये कधी कुणी दुसऱ्या गाडीची कॉइल आणि तिचा पांढरा चिनी मातीचा बॅलास्ट रेझिस्टर बसवला असेल, तर तो रेझिस्टर बहुधा आतून तुटलाय.

3. अर्थिंग

काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर, इंजिन चालू. 0.2 व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. सेल्फ मारतानाही बघा. त्या वेळी आकडा उसळला तर इंजिन आणि चॅसिसमधला जाड पट्टा गंजलाय किंवा कुणी इंजिन उतरवल्यावर परत लावलेलाच नाही. नव्या रंगकामानंतर हा दोष हमखास येतो, कारण रंग विजेला अडवतो.

डिस्ट्रिब्युटरच्या आत प्लेटलाही अर्थ लागतो. हलणारी प्लेट आणि बॉडी यांच्यामध्ये एक बारीक वेणीची वायर असते. किट बसवताना ती 'उरली' म्हणून टाकून दिलेली मी पाहिली आहे. ती लावा.

एक सावधगिरी. पद्मिनी निगेटिव्ह अर्थची आहे, पण 1950च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. तिथे निगेटिव्हचं किट जोडलं तर ते जोडताक्षणीच जळतं, दुरुस्ती होत नाही.

4. कॉइल जुळते का?

दोन्ही वायरी काढून कॉइलच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये ओहम मोजा. पॉइंटच्या काळातली साधी कॉइल साधारण 3 ओहमची असते. बॅलास्टवर चालणारी 1.5 च्या आसपास. 'जास्त ताकदीची' म्हणून विकली जाणारी आधुनिक कॉइल 0.6 किंवा 0.7 ओहमचीही असते. हिशेब सोपा आहे: 13.8 व्होल्टला 3 ओहमची कॉइल 4.6 अँपिअर घेते, 1.5 ओहमची थेट 9.2. साध्या किटमधलं मॉड्यूल करंटवर स्वतः लगाम घालत नाही. त्याला 3 ओहमची कॉइल हवी असताना 1.5 ची लावली तर ते चालेल, छान चालेल, आणि गरम होऊन मरेल. किटच्या कागदावर किमान किती ओहम लिहिलंय ते बघा आणि त्याच्या खाली कधीही जाऊ नका. कागद नसेल तर 3 ओहमची लावा.

कॉइलखालून तेल पाझरत असेल तर तपासत बसू नका, बदला. कॉइल एक्झॉस्टच्या जवळ असेल तर हलवा.

इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडायची नाही, गाणी ऐकायलाही नाही. रोटर नेमका चुकीच्या जागी थांबलेला असेल तर कॉइल आणि मॉड्यूलमधून सतत करंट वाहत राहतो. काही मॉड्यूल काही सेकंदांनी आपोआप बंद होतात, स्वस्तातली होत नाहीत. कितीतरी मॉड्यूल अशीच जळतात.

5. प्लग आणि प्लगच्या वायरी

जुन्या तांब्याच्या तारेच्या वायरी इलेक्ट्रॉनिक किटबरोबर चालत नाहीत. ठिणगीबरोबर त्या रेडिओलहरी फेकतात, सेन्सर गोंधळतो आणि नको तेव्हा ठिणगी पडते. रेडिओत खरखर आणि टॅकोमीटरच्या काट्याच्या उड्या ही त्याची खूण. कार्बनच्या किंवा रोधक असलेल्या वायरी लावा. मीटरने प्रत्येक वायर मोजा: लांबीप्रमाणे काही हजार ओहम ठीक, एखादी बाकीच्यांच्या कित्येक पट निघाली किंवा आकडाच आला नाही तर ती तुटलेली आहे. प्लगही रोधकवाले घ्या. एनजीकेच्या क्रमांकात मधलं आर अक्षर त्यासाठीच असतं.

प्लगचा गॅप आधी गाडीच्या पुस्तकात आहे तेवढाच ठेवा. 'इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून वाढवा' हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण गॅप वाढला की चढावर, भर ओझ्याखाली ठिणगी हुकते. सीएनजीवर तर ठिणगीला आणखी जोर लागतो, तिथे गॅप उलट कमी ठेवावा लागतो.

6. कॉइलच्या निगेटिव्हला कोण कोण लटकलंय?

मॉड्यूलची वायर सोडून तिथे आणखी काय जोडलंय ते बघा. जुना कंडेन्सर राहिला असेल तर काढा, तो पॉइंटसाठी होता. सीएनजी किटचा स्विच इंजिन चालू आहे की नाही हे बहुधा तिथूनच ओळखतो, शिवाय टायमिंग बदलणारा डबा बसवलेला असू शकतो. टॅकोमीटर असेल तर तोही तिथेच असतो. तपासणीपुरतं सगळं सोडवा, फक्त मॉड्यूल ठेवा, आणि गाडी पेट्रोलवर चालवा. बरी झाली तर एकेक परत जोडत जा. ज्याने त्रास सुरू होईल तो दोषी.

7. आता मॉड्यूल

इथवर सगळं ठीक निघालं तरच मॉड्यूलवर संशय घ्या. 12 व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प घ्या, चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला, टोक कॉइलच्या निगेटिव्हला. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दिवा लुकलुकला तर मॉड्यूल उघडझाप करतंय, ठिणगी नसेल तर दोष कॉइल, कॅप, रोटर किंवा वायरींत आहे. दिवा सतत लागलेला किंवा सतत बंद राहिला आणि वीज व अर्थ दोन्ही नीट आहेत, तर मॉड्यूल किंवा त्याचा सेन्सर गेला.

गरम झाल्यावरच त्रास होत असेल तर घरातला केस वाळवायचा ड्रायर आणा. इंजिन थंड आणि चालू, कॉइलला ऊब लागू न देता फक्त डिस्ट्रिब्युटरवर किंवा बाहेरच्या मॉड्यूलवर गरम हवा सोडा. काही मिनिटांत इंजिन भरकटायला लागलं तर मॉड्यूल दोषी. मग हेच कॉइलवर करा. मॉड्यूल बाहेर असेल तर त्याच्या पाठीला उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट आहे का बघा. पेस्टशिवाय बसवलेलं मॉड्यूल उष्णता बाहेर टाकू शकत नाही.

व्हॅक्यूमवाल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये सेन्सरच्या वायरी प्लेटबरोबर सतत वाकतात आणि प्लास्टिकच्या आत तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी एका जागी चालू ठेवून व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा. इंजिन त्याच वेळी अडखळलं तर वायर तुटलीय.

मॉड्यूल खरंच गेलं असेल तर नवं बसवण्याआधी चार्जिंग मोजा. मध्यम वेगाला बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. 15 च्या वर जात असेल तर चार्जिंगवर लगाम ठेवणारा रेग्युलेटर खराब आहे आणि नवं मॉड्यूलही तो खाणार.

8. आतली यंत्रणा: गॅप, शाफ्ट, वजनं

रोटर काढून शाफ्ट दोन बोटांनी धरा आणि आडवा हलवा. जाणवण्याइतका खेळ असेल तर बुश गेलेत. पॉइंट असताना यामुळे गॅप बदलायचा. आता सेन्सर आणि चुंबकांमधलं अंतर बदलतं आणि चारही सिलिंडरना वेगवेगळ्या वेळी ठिणगी मिळते. टायमिंग लाइट मारली की पुलीवरची खूण एका जागी न राहता नाचताना दिसते.

अंतर किटच्या कागदाप्रमाणे पितळी किंवा प्लास्टिकच्या फीलर गेजने लावा. लोखंडी पाती चुंबकाला चिकटते आणि माप चुकतं. चुंबकांची रिंग शाफ्टवर घट्ट बसलीय ना, तेही बघा.

प्लेटखाली वजनं आणि स्प्रिंग आहेत, वेग वाढला की तीच टायमिंग पुढे नेतात. रोटर हाताने फिरण्याच्या दिशेने वळवून सोडा, झटकन मागे यायला हवा. येत नसेल तर जुनं ग्रीस घट्ट झालंय. साफ करा, थेंबभर तेल द्या. किट कितीही भारी असलं तरी ही वजनं अडकलेली असतील तर गाडीला पिकअप येणार नाही.

9. टायमिंग

सगळ्यात शेवटी. किट बसवल्यावर डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवरची पॉइंटच्या वेळची खूण निरुपयोगी होते, टायमिंग नव्याने लावावंच लागतं. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, इंजिन गरम आणि आयडलला शांत, आणि टायमिंग लाइटने पुस्तकातल्या अंशांवर आणा. मग वेग वाढवून खूण सलग पुढे सरकते का बघा. सरकता सरकता अडली किंवा उडाली तर वरची आठवी तपासणी पुन्हा. सीएनजी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणाऱ्या गाडीत आधी पेट्रोलचं टायमिंग नीट लावा.

कुठे थांबायचं

पेट्रोलचा वास येत असेल तर बॉनेटखाली ठिणगीची कोणतीही तपासणी करू नका. आधी गळती बंद.

वायरिंगचा जुडगा कुठे वितळलेला दिसला, फ्यूज पुन्हा पुन्हा उडाला, किंवा चार्जिंग 15 व्होल्टच्या वर गेलं तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. जुन्या गाडीचं वायरिंग अंदाजाने जोडून आग लागते.

शाफ्टचे बुश घरी बदलू नका. बुश दाबून बसवल्यावर रीमरने अचूक मापाला आणावे लागतात, ते लेथवाल्याचं किंवा डिस्ट्रिब्युटर ओव्हरहॉल करणाऱ्याचं काम आहे. अख्खा डिस्ट्रिब्युटर बाहेर काढताना रोटरची दिशा आणि बॉडीची जागा रंगाने खूण करून ठेवली नसेल तरीही थांबा. सिलिंडर नंबर एक शोधून तो परत बसवता येत नसेल तर फिटर बोलवा.

मल्टिमीटर वापरायची सवय नसेल तर पहिल्या तपासणीनंतर पुढे जाऊ नका. आणि घाटात किंवा महामार्गावर गाडी बंद पडली असेल तर रस्त्याच्या कडेला कॅप उघडून बसण्यापेक्षा गाडी ओढून नेणं केव्हाही चांगलं.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना घेतलेली मापं लिहून न्या: बॅटरी ते कॉइल किती व्होल्ट पडतात, अर्थकडे किती, कॉइल किती ओहम, चार्जिंग किती. एवढे चार आकडे समोर असले की तो थेट कामाला लागतो, आणि सवयीने मॉड्यूल बदलण्याची वेळ येत नाही. काढलेली पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि एक जास्तीचा रोटर डिकीत ठेवा. कॉइल 3 ओहमची असेल तर अर्ध्या तासात जुना पॉइंट परत लावून घरी येता येतं.